दर उन्हाळ्यात वाइन आंबट लागते? बाटली नेमकी कुठे बिघडते ते शोधू या

एप्रिल लागला की ठाण्यात आणि खाडीपलीकडच्या नवी मुंबईत ओळखीच्या घरांमधून एकच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. नाशिकच्या सहलीतून हौसेनं आणलेली बाटली पाहुण्यांसमोर उघडली आणि ती आंबट लागली. मग जवळच्या दुकानातून दुसरी आणली, तर तीही तशीच. त्यानंतर ठरलेले दोन निष्कर्ष निघतात. एक, आपली देशी वाइन टिकतच नाही. दोन, दुकानदारानं जुना माल गळ्यात मारला. दुसरं कधीकधी खरं असतं. पण एकाच घरात एकामागून एक बाटल्या बिघडत असतील, तर द्राक्षमळ्यावर संशय घेण्याआधी त्या बाटल्या घरात कुठे उभ्या होत्या ते बघायला हवं. आपल्या हवेत वाइनचा सगळ्यात मोठा शत्रू उष्णता आहे. त्याखालोखाल नंबर लागतो अर्धी पिऊन ठेवून दिलेल्या बाटलीचा. बुचाचा दोष, ज्याचं नाव सगळ्यात जास्त घेतलं जातं, तो या दोघांच्या बराच मागे येतो.

म्हणून हे सगळं तपासाच्या क्रमानं सांगतो. आधी बाटली खरोखर बिघडली आहे का ते पाहायचं, मग कशानं बिघडली ते, आणि शेवटी पुढची बाटली कशी वाचवायची ते.

बाटलीआधी ग्लास

हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटतं, पण तपास रिकाम्या ग्लासापासून सुरू करा. पावसाळ्यात आपल्याकडे बंद कपाटातलं सगळंच कुबट होतं. सनमायका लावलेल्या शोकेसमध्ये उलटे ठेवलेले ग्लास आत कोंडलेला वास धरून बसतात. जवळपास डांबरगोळ्या असतील तर त्यांचाही वास लागतो. त्यात ग्लास पुसायचा फडका नीट वाळलेला नसेल तर विचारायलाच नको. अशा ग्लासात ओतलेल्या चांगल्या वाइनलाही ओलसर वास येतो आणि दोष बाटलीच्या माथी जातो.

रिकामा ग्लास नाकाशी धरा. काहीही वास आला तरी गरम पाण्यानं, साबण न लावता, दोनदा विसळा. मग त्यात चमचाभर वाइन घालून ग्लास सगळीकडून फिरवा आणि ती ओतून द्या. आता नव्यानं ओता. वास गेला असेल तर बाटली निर्दोष आहे, विषय संपला. ग्लास यापुढे सरळ ठेवा, उलटे नकोत.

जागाही बघा. स्वयंपाकघरात फोडणी बसली असेल, देवघरात धूप लावला असेल, किंवा संध्याकाळी खाडीकडून वारा येत असेल, तर नाकाला काही धड कळत नाही. दुसऱ्या खोलीत जाऊन वास घ्या.

पहिला वास सगळ्यात खरा

वाइन बिघडली की नाही ते जिभेच्या आधी नाक सांगतं. ग्लास हलवायच्या आधी एक छोटा वास घ्या, मग ग्लास गोल फिरवून दुसरा. पहिल्या वासाला जे जाणवलं ते लगेच मोठ्यानं बोला, नाहीतर कागदावर लिहा. नाक फार लवकर सरावतं आणि मिनिटभरानं तुम्हाला वाटू लागतं की सगळं ठीकच आहे. शंका असेल तर ग्लास खाली ठेवून स्वतःच्या मनगटाचा वास घ्या आणि पुन्हा या. घरात दुसरं कुणी असेल तर काही न सांगता त्यांना विचारा, 'कसला वास येतोय?' आधी 'बिघडलीये का गं?' असं विचारलंत तर उत्तर होच येणार.

व्हाइट वाइन फ्रीजमधून काढल्याकाढल्या तपासू नका. 4-5 अंशांवर दोषही गप्प असतात आणि गुणही. दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवून मग वास घ्या.

रंग पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून बघा. कोवळी व्हाइट वाइन फिकट पिवळी किंवा किंचित हिरवट असते. ती गडद सोनेरी, पुढे चहाच्या पाण्याच्या रंगाकडे झुकली असेल तर तिला हवा किंवा उष्णता लागलेली आहे. रेड वाइनच्या कडेला विटकरी छटा येणं हे वयाचं लक्षण आहे. जुन्या, नीट ठेवलेल्या बाटलीत ती शोभते, पण दोन वर्षांच्या बाटलीत दिसली तर काहीतरी बिनसलंय.

उष्णतेनं गेलेली बाटली

इथे जरा थांबतो, कारण आपल्याकडचे बहुतेक घोळ इथलेच.

वाइन ठेवायला 12 ते 14 अंश तापमान उत्तम. ठाण्यात मार्च ते मे दुपारी पारा 35 च्या पुढे जातो, काही दिवस 40 लाही टेकतो, आणि रात्रीही घर फारसं थंड होत नाही. रासायनिक क्रियांचा वेग साधारण दर 10 अंशांना दुपटीच्या घरात वाढतो. म्हणजे 14 अंशांवर जी वाइन वर्षभर छान राहिली असती ती आपल्या हॉलमधल्या शोकेसमध्ये एका उन्हाळ्यात म्हातारी होते. वाइन टिकावी म्हणून तिच्यात थोडं सल्फर डायऑक्साइड असतं, तेही उष्णतेत लवकर खर्ची पडतं, आणि मग हवेपासून तिला वाचवणारं कुणी उरत नाही.

अशी वाइन ओळखायची कशी? ताज्या फळाचा वास गेलेला असतो. त्याजागी शिजवलेल्या फळाचा, मनुकांचा, जरा करपलेल्या साखरेचा वास येतो. चव सपाट लागते आणि गिळल्यावर मागे आंबटपणा व कडवटपणा उरतो. लोक 'आंबली' म्हणतात ती पुष्कळदा हीच, पण ती आंबलेली नसते. फळ निघून गेल्यामुळे जो आंबटपणा आधीपासून होता तोच उघडा पडतो.

बाटलीवरही खुणा असतात. तापल्यावर वाइन फुगते आणि बूच वर ढकलते. गळ्यावरचं आवरण काढल्यावर बूच कडेच्या वर आलेलं दिसलं, आवरणाखाली चिकट लागलं, किंवा काढलेल्या बुचाच्या एका बाजूला खालपासून वरपर्यंत वाइनचा ओघळ दिसला, तर बाटली तापली होती असं समजा. थंड झाल्यावर तीच वाइन आकसते आणि बुचाच्या कडेनं बाहेरची हवा आत ओढते. दिवसा तापणं, रात्री निवणं असं रोज चाललं तर बाटली रोज थोडी हवा पिते. फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत या खुणा दिसत नाहीत. फार तर झाकणाखालच्या आट्यांना चिकटपणा येतो. त्यामुळे तिथे नाकावरच भिस्त.

आता घरात फिरून बघा. फ्रीजच्या डोक्यावर बाटली आहे? फ्रीज आतली उष्णता मागून आणि बाजूंनी बाहेर टाकतो, ती वर चढते. वरच्या मजल्यावरच्या घराचा माळा? स्लॅबखाली मे महिन्यात हात लावून बघा. ओट्याखालची ट्रॉली? तिच्यावर गॅस पेटतो. पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेलं शोकेस? घोडबंदर रस्त्यावरच्या उंच इमारतींत दुपारनंतर त्या भिंती रात्री उशिरापर्यंत गरम असतात. बाल्कनी बंद करून केलेल्या बारबद्दल तर मी स्पष्टच सांगतो, तिथे रिकाम्या बाटल्या ठेवा. मिळतील त्या जागांत बरी म्हणजे घराच्या मधल्या खोलीतलं, बाहेरची भिंत नसलेलं लाकडी कपाट, खालचा कप्पा.

त्याहूनही बरी जागा म्हणजे रोजचा फ्रीज. रेड वाइनसुद्धा. हे ऐकून जाणकार म्हणवणारे नाक मुरडतात, पण खारघरच्या दहाव्या मजल्यावर 33 अंशांत ठेवण्यापेक्षा 6 अंशांतली रेड वाइन कितीतरी सुखी असते. काही महिने तिला काहीही होत नाही. बुचाची बाटली आडवी ठेवा म्हणजे बूच ओलं राहील. फ्रीजमधली हवा कोरडी असते आणि वर्षानुवर्षं ठेवलं तर बूच सुकतं. फिरकीचं झाकण असेल तर आडवी-उभी कशीही चालते. पिण्याआधी रेड वाइन अर्धा तास बाहेर काढा.

आणि गाडी. नाशिक ते ठाणे 150 किलोमीटरच्या आसपास. दिंडोरी किंवा गंगापूर धरणाच्या बाजूनं निघायचं, इगतपुरीला जेवायला थांबायचं, कसारा घाट उतरायचा, शहापूरच्या पुढे गर्दीत अडकायचं. या सगळ्या वेळात बाटल्या डिकीत असतात, जिथे एसी पोचत नाही. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत पारा 50 च्या वर सहज जातो. जेवणाचा एक तास पुरतो. सहलीवरून आणलेल्या सगळ्याच बाटल्या खराब निघाल्या असतील आणि दुकानातल्या ठीक असतील, तर तुमचं उत्तर डिकीत आहे. बाटल्या पुढच्या सीटमागे, पायाजवळ, चादरीत गुंडाळून ठेवा. मे महिन्यात जाणार असाल तर थर्माकोलची पेटी आणि बर्फाच्या पिशव्या घेऊन जा. आणि जमलं तर वाइनरीतून बाटल्या घ्यायच्या आधीच जेवून घ्या.

उघडून ठेवलेली बाटली

चौघांत दोन ग्लास उरले, बूच परत लावलं, बाटली टेबलावरच राहिली. पुढच्या रविवारी ओतली तर वेगळीच वाइन.

हवा लागल्यावर आधी अल्कोहोलचं अॅसिटाल्डिहाइड होतं. त्याचा वास कापून ठेवलेल्या, लाल पडलेल्या सफरचंदाचा, थोडा कच्च्या बदामाचा. ही पहिली पायरी. पुढे अॅसिटोबॅक्टर नावाचे जिवाणू हवेच्या मदतीनं अल्कोहोलचं अॅसिटिक आम्ल करतात, म्हणजेच व्हिनेगर. त्याच्याबरोबर इथाइल अॅसिटेटही तयार होतं, ज्याचा वास नेलपॉलिश काढायच्या द्रवाचा असतो. हा वास आला की वाइन खरोखर आंबली. इथून तिला परत आणता येत नाही.

आपल्या उन्हाळ्यात बाहेर ठेवलेली उघडी बाटली दुसऱ्या दिवशीच उतरायला लागते. फ्रीजमध्ये, झाकण घट्ट लावून, बाटली उभी ठेवून, व्हाइट आणि रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, 3 ते 5 दिवस बरी राहते, रेडही तेवढीच. हलकी रेड लवकर जाते, दणकट शिराझ किंवा कॅबर्ने जरा जास्त तग धरते. स्पार्कलिंगला, म्हणजे बुडबुड्यांच्या वाइनला, तिचा खास दाबाचा स्टॉपर लावला तर एक ते तीन दिवस. तोंडात चमचा उभा करून बुडबुडे राहतात हे खोटं आहे, त्यात वेळ घालवू नका. पोर्टसारख्या, अल्कोहोल मुद्दाम वाढवलेल्या गोड वाइन काही आठवडे राहतात. फळं कापून घातलेली सँग्रिया मात्र दुसऱ्या दिवसापलीकडे नको.

सगळ्यात उपयोगी युक्ती पैशांविना होते. 375 मिलीची एक काचेची, घट्ट झाकणाची बाटली स्वच्छ धुऊन ठेवा. सगळी पिणार नाही हे आधीच माहीत असेल तर मोठी बाटली उघडल्याउघडल्या ही छोटी अगदी गळ्यापर्यंत भरून झाकण लावून फ्रीजमध्ये टाका. आत हवाच नाही, तर बिघडणार काय? हवा ओढून काढणाऱ्या पंपापेक्षा माझा यावर जास्त विश्वास आहे.

बुचाचा वास

ओला पुठ्ठा, भिजलेलं वर्तमानपत्र, पावसाळ्यात न वाळता घडी केलेले कपडे. ग्लास बदलला, खोली बदलली तरी हाच वास येत राहिला आणि बाटलीला खऱ्या कॉर्कचं बूच असेल, तर हा ट्रायक्लोरोअॅनिसोलचा दोष, थोडक्यात टीसीए. बुचाच्या सालीतल्या बुरशीची क्लोरीनयुक्त द्रव्यांशी गाठ पडली की हे संयुग बनतं. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला स्वित्झर्लंडच्या हान्स टॅनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा गुन्हेगार नेमका शोधून काढला. लिटरमध्ये 2 ते 5 नॅनोग्रॅम एवढ्या क्षुल्लक मात्रेतही तो जाणवतो.

याहून महत्त्वाची गोष्ट 2013 मध्ये ओसाका विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवली. न्यूट या उभयचर प्राण्याच्या घ्राणपेशींवर प्रयोग करताना त्यांना दिसलं की टीसीए त्या पेशींचे संकेतच दाबून टाकतो. म्हणजे मात्रा फार कमी असेल तेव्हा कुबट वास येतच नाही, फक्त वाइनमधलं फळ गायब होतं. वाइन मुकी लागते. हीच बाटली ओळखायला सगळ्यात कठीण, कारण पिणाऱ्याला वाटतं की वाइनच सुमार होती. त्याच वाइनची दुसरी बाटली शेजारी उघडल्याशिवाय खात्री होत नाही.

हा दोष हवा दिल्यानं जात नाही, उलट वेळ जाईल तसा अधिक जाणवतो. काही जण पॉलिथिनचा कागद वाइनमध्ये बुडवतात. त्यानं टीसीए थोडा शोषला जातो, पण वासाची बाकी गंमतही निघून जाते, म्हणून मी ते सुचवत नाही. शरीराला अपाय काही नाही. बाटली बदलून घ्यावी, नाहीतर ओतून द्यावी. फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत हा दोष क्वचितच सापडतो, तेव्हा तिथे कुबट वास आला तर पुन्हा एकदा ग्लासाकडे जा.

बुचाच्या वरच्या बाजूला, आवरणाखाली, काळपट बुरशी दिसली म्हणून घाबरू नका. आपल्या दमट हवेत ती येते. ओल्या कपड्यानं पुसा, उघडा, आणि आतल्या वाइनचा वास घ्या. लेबलला आलेल्या बुरशीलाही काही अर्थ नाही.

थांबलात तर सुधारते अशी वाइन

सडक्या अंड्याचा किंवा विझलेल्या काडीचा वास आला की पुष्कळ लोक बाटली सरळ मोरीत ओततात. थांबा. बाटलीत हवा अजिबात पोचली नाही की काही वाइनमध्ये हायड्रोजन सल्फाइड साचतं. फिरकीच्या झाकणात हे जरा जास्त दिसतं, आणि कॅनमधल्या वाइनमध्येही, कारण तिथे सल्फर डायऑक्साइडची अॅल्युमिनियमशी गाठ पडते. कॅनमधून थेट पिऊ नका, ग्लासात ओता.

बाटली एका मोठ्या काचेच्या जगमध्ये उंचावरून ओता, जोरात फिरवा, वीस मिनिटं ठेवा. बहुतेक वेळा वास उडून जातो. नाहीच गेला तर घासून लख्ख केलेला, साबणाचा अंशही नसलेला तांब्याचा चमचा ग्लासात अर्धा मिनिट ढवळा. तांबं त्या वासाला बांधून ठेवतं आणि फरक चटकन कळतो. पण वाइन आम्लयुक्त असते, ती तांब्याच्या भांड्यात ओतून ठेवायची नाही. चमचा ढवळला, काढला, झालं. एवढं करूनही शिजलेल्या कोबीचा किंवा लसणाचा वास राहिला तर प्रकरण पुढे गेलेलं आहे, सोडून द्या.

कोबीचाच वास स्वच्छ, रंगहीन काचेच्या बाटलीतल्या रोझे किंवा स्पार्कलिंगला येत असेल तर मात्र संशय उजेडावर घ्या. उन्हातला आणि ट्यूबलाइटमधला निळसर, अतिनील भाग वाइनमधल्या रायबोफ्लेविनला, म्हणजे बी2 जीवनसत्त्वाला, चेतवतो आणि त्यातून गंधकाची दुर्गंधी संयुगं तयार होतात. थेट उन्हात काही तास पुरेत. शोकेसमध्ये दिव्याखाली सजवलेली गुलाबी बाटली दिसते सुंदर, पण ती सजावटीपुरतीच उरते.

काही दोष झटपट सांगतो. साध्या, स्थिर वाइनमध्ये बुडबुडे, गढूळपणा आणि यीस्टचा वास एकत्र आले तर बाटलीत पुन्हा आंबवण सुरू झालंय, पिऊ नका. फक्त जिभेवर बारीकशी चुरचुर असेल आणि वास स्वच्छ असेल तर तो मुद्दाम राखलेला थोडा कार्बन डायऑक्साइड असतो, ताज्या व्हाइटमध्ये चालतो. घोड्याच्या तबेल्याचा किंवा जखमेवरच्या चिकटपट्टीचा वास ब्रेटानोमायसीस या यीस्टचा. थोडा असेल तर काहींना आवडतो, मला नाही आवडत.

ज्यात काहीच बिघडलेलं नाही

बाटलीच्या तळाशी किंवा बुचाला काचेच्या चुऱ्यासारखे स्फटिक दिसतात आणि फोन येतो, 'दादा, यात काच आहे!' काच नाही. द्राक्षातल्याच टार्टारिक आम्लाचं ते पोटॅशियमबरोबरचं क्षार आहे, थंडीत खाली बसतं. फ्रीजमध्ये बरेच दिवस ठेवलेल्या व्हाइटमध्ये हमखास दिसतं. बोटांत चुरडून बघा, चुरडतं. शेवटचा घोट बाटलीत सोडा, झालं. जुन्या रेडमधला गाळही निर्धोक.

दुसरी तक्रार खास आपली. 'वाइन लोखंडासारखी लागली.' विचारलं की कळतं, ताटात सुरमई होती, किंवा तळलेले बोंबील. रेड वाइनमधल्या लोहामुळे मासळीच्या स्निग्धांशाबरोबर ती धातूसारखी, मासट चव मागे उरते. ठाण्याच्या सीकेपी घरांत आणि कोळीवाड्यांत हा प्रयोग नकळत कितीदा तरी झाला असेल. मासळीबरोबर शेनिन ब्लाँ किंवा साविन्यों ब्लाँ यांसारखी व्हाइट घ्या आणि तीच रेड दुसऱ्या दिवशी मटणाबरोबर चाखून बघा.

तिसरी म्हणजे तोंडात जाळ होणारी रेड. ती बिघडलेली नाही, गरम आहे. रेड वाइन 16 ते 18 अंशांवर प्यावी असं ठरलेलं आहे आणि आपल्या हॉलमध्ये 31 असतात. त्या तापमानाला अल्कोहोल आधी नाकात घुसतं, वाइन मागे राहते. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा आणि पुन्हा ओता. नुसत्या एवढ्यानं 'खराब' ठरवलेल्या कितीतरी बाटल्या सुधारतात.

नेहमीच बिघडते, तर कारण कसं पकडायचं

अंदाज लढवण्यापेक्षा दोन बाटल्यांची चाचणी करा. एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच वाइनच्या, एकाच वर्षाच्या दोन साध्या बाटल्या घ्या. महाग नकोत. लेबलमागचा बॅच क्रमांक सारखा असल्याचं बघा. घरी आल्याबरोबर एक फ्रीजमध्ये, दुसरी तुमच्या नेहमीच्या जागी. महिना-दीड महिन्यानं, उन्हाळ्यातच, दोन्ही एकाच तापमानाला आणून शेजारी शेजारी उघडा. घरातल्या कुणालातरी ग्लासांच्या बुडाखाली चिठ्ठ्या लावायला सांगा, म्हणजे मन आधीच ठरवून बसणार नाही.

फ्रीजमधली चांगली आणि बाहेरची पडलेली असेल तर दोष जागेचा. दोन्ही एकसारख्या थकलेल्या असतील तर दुकानात किंवा वाटेतच काम झालेलं आहे, दुकान बदला. बाहेरची ठीक आणि फ्रीजमधली खराब असा उलटा निकाल लागला तर त्या एका बाटलीचा दोष, बहुधा बुचाचा. दोन्ही छान असतील तर आधीच्या बाटल्या उघडल्यानंतर बिघडत होत्या. मला सगळ्यात जास्त वेळा पहिला निकाल दिसलेला आहे.

दुकानात काय बघायचं? आपल्याकडे द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्च या काळात तोडली जातात, त्यामुळे लेबलवरच्या वर्षाची व्हाइट त्याच वर्षाच्या मध्यापासून बाजारात येऊ लागते. रोजची व्हाइट आणि रोझे एक-दोन वर्षांत संपवायची असते. वाइन जितकी जुनी तितकी चांगली हे फार थोड्या वाइनच्या बाबतीत खरं आहे आणि त्या थोड्यासुद्धा थंड तळघरात ठेवलेल्या असतात. तेव्हा व्हाइट घेताना नवं वर्ष शोधा. काचेच्या दर्शनी कपाटातली, उन्हात उभी असलेली बाटली घेऊ नका. सरळ सांगा, 'दादा, आतली द्या, एसीतली.' चांगला दुकानदार रागावत नाही. बाटली उजेडासमोर धरून पातळी बघा. शेजारच्या बाटल्यांपेक्षा एकीची पातळी खाली असेल तर ती नको. उन्हाळ्यात बाटली संध्याकाळी सातनंतर आणा, भर दुपारी दुचाकीवरच्या पेटीत तिचे हाल होतात. आणि मॉलमध्ये आधी सिनेमा, मग खरेदी.

बिघडलेली बाटली हातात असेल तर

आधी हे स्पष्ट करतो : सीलबंद आलेली, नामांकित उत्पादकाची वाइन चवीला बिघडली म्हणून विषारी होत नाही. 12-13 टक्के अल्कोहोल आणि 3 ते 4 च्या दरम्यानचा पीएच यात रोग पसरवणारे जंतू सहसा तगत नाहीत. एखादा घोट गेला तर काळजी नको. पण सील तुटलेलं, झाकण आधीच सैल, लेबल विचित्र चिकटवलेलं असेल तर चाखूही नका. तो बिघाडाचा प्रश्न नाही, भेसळीचा असू शकतो.

हवा लागून नुकतीच उतरलेली रेड मटणाच्या रश्श्यात किंवा टोमॅटोच्या सॉसमध्ये चालून जाते. कुबट वासाची चालत नाही, तो वास रश्श्यातही उतरतो. नेलपॉलिशसारखा वास येणारी तर मुळीच नको.

हॉटेलात बाटली मागवली की वेटर आधी थोडीशी ओतून देतो. ती आवडली का हे विचारण्यासाठी नसते, बिघडलेली नाही ना हे तपासण्यासाठी असते. वास घ्या, आणि शंका आली तर संकोच न करता म्हणा, 'हिला बुचाचा वास येतोय, तुम्ही एकदा बघा.' त्यांच्याच माणसाला वास घ्यायला लावणं हा सगळ्यात सभ्य मार्ग आहे. ग्लासवर मिळणारी वाइन मागवताना बाटली कधी उघडली ते विचारा. कालच्या आधीची असेल तर दुसरं काही घ्या.

दुकानातून आणलेली बाटली बदलून हवी असेल तर ती संपवून नेऊ नका. एक घोट घेऊन कळलं की झाकण लावा, फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्याच दिवशी बूच आणि बिलासकट घेऊन जा. बूच फेकून दिलं तर अर्धा पुरावा गेला. दुकानदार घेईलच असं नाही, पण वाइनरीला लेबलवरच्या पत्त्यावर ईमेल करा. बॅच क्रमांक, खरेदीची तारीख, घरात कुठे आणि किती दिवस ठेवली होती ते, बुचाचा आणि ग्लासातल्या रंगाचा फोटो, आणि वासाचं वर्णन साध्या शब्दांत लिहा. 'खराब होती' एवढंच लिहिलं तर उत्तरादाखल नुसती दिलगिरी येते. 'ओल्या पुठ्ठ्याचा वास, ग्लास बदलूनही राहिला, फिकट रंग, बूच जागेवर' असं लिहिलं तर वाचणाऱ्याला लगेच कळतं की बाटली तापलेली नव्हती, दोष बुचाचा आहे. तरीही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे, तिथे तक्रार नोंदवता येते. त्या वेळीही बिल आणि बॅच क्रमांक हाताशी ठेवा.